विशेषणाची जागा

सेलूच्या मोंढ्यात, पेंडीच्या दुकानावर माझा क्लास.
खालून सरकीचा वास वर येतो,
त्यात दहावीची अकरा पोरं, आणि फळ्यावर आज
एकच शब्द : अबॉर्टिव्ह.

फसलेला, लिहिलं. पुसलं.
निष्फळ, लिहिलं. तेही अर्धं पुसलं,
कारण पुढच्या बाकावरून कोमल टाकसाळे म्हणाली,
"म्हंजी फेल गेलेला बोअर, मॅडम?"

नाही गं. सहाशे फूट जाऊन नुसता फुफाटा निघाला
तर तो साधा फेल.
पण गाडी आली, नारळ फुटला,
शेजारपाजार खुर्च्या टाकून बसला
आणि ऐंशी फुटांवर रॉड अडकला, गाडी निघून गेली,
खाली पाणी होतं का नव्हतं
कुणालाच कधी कळलं नाही,
तो अबॉर्टिव्ह.

पऱ्हाटीला पाते लागतात, फूल व्हायच्या आधीच झडतात.
घरी काय म्हणता त्याला?
"पातेगळ!" अकरा तोंडं एकदम.
माझ्या जाड डिक्शनरीत इतका जवळचा शब्द नव्हता.

वापर : बहुधा नामाच्या आधी.
प्रयत्नाच्या आधी, बेताच्या, बंडाच्या, बोलणीच्या.
(पंचवीस वर्षांमागं एकदा मी बॅग घेऊन
इथल्याच फलाटावर बसले होते.
मनमाडकडं जाणारी पॅसेंजर आली, दोन मिनिटं थांबली.
हे उदाहरण फळ्यावर दिलं नाही.)

रात्री वह्या. गौसची वही, निळी शाई, तिरपं अक्षर :
माय फादर इज अबॉर्टिव्ह.

कर्ता आहे, क्रियापद आहे,
पूर्णविरामसुद्धा जागेवर.
लाल पेन नुसतंच हातात.
मस्तानभाईंना अख्खं सेलू ओळखतं.
एसटीडी बूथ टाकला, तो घरोघर मोबाईल आल्यावर.
मग अंड्यांची एजन्सी, एक उन्हाळा.
मग दुबई; ती मुंबईपर्यंतच,
एजंटच्या ऑफिसला कुलूप होतं.
येताना पोरासाठी जुनी डिक्शनरी आणली,
डब्ल्यूपासून पुढची पानं नसलेली.

सकाळी गौसला म्हटलं,
हा शब्द माणसाला लावत नाहीत.
माणसानं जे करायला घेतलं, त्याला लावतात.
"मग अब्बाला काय लावू?"
काही नको. नुसतं नाम राहू दे.
वहीकडं बघत म्हणाला,
"मग वाक्य पुरं होईना, मॅडम."
मला उत्तर आलं नाही. पुढचा शब्द घेतला.

शनिवारी मस्तानभाई क्लासचा पंखा बघायला आले.
टेबलावर स्टूल, स्टुलावर ते, ओठांत तीन स्क्रू.
गौसनं न सांगता स्टूल धरलं.
पंखा फिरला. चार फेरे, पाचवा अर्धा.

"कंडेन्सर गया," ते वरूनच म्हणाले,
"कल लाता, मॅडम."
आणि स्क्रू मोजून
शर्टाच्या खिशात टाकले.