होई

दिवाळी सरली की खजुरी बाजारात कॅलेंडरांचा हंगाम.
पंजाबी बिरादरीचं काम घेऊन वीरांवाली मल्होत्रा यायची,
आमचा लाकडी जिना चढत,
पायरीगणिक एक शिवी हासडत.

देवनागरी तिला वाचता येत नसे.
तिचं टिपण उर्दूत, उजवीकडून डावीकडे.
मी खिळे जुळवायचो डावीकडून उजवीकडे, उलट्या अक्षरांत.
मध्ये कुठेतरी आमची गाठ पडायची
आणि एक महिना उभा राहायचा.

'लिख पुत्तर, संग्रांद.'
वर्षाला बारा. प्रत्येकीला काहीतरी गोड.
म्हटलं, बीजी, आमच्यात संक्रांत येते ती कुणावर तरी येते.
'येऊ दे की. कढईत तूप जास्त टाकायचं.'

ज्येष्ठातली एकादशी आली की मी वर बघायचो नाही.
माझ्या डब्यात साबुदाणा, रताळ्याचा कीस, भगर, वर दाण्याची आमटी,
दुप्पट खाशी म्हणतात ती.
तिची निर्जळा.
बेचाळीस अंशांत, ओठांना पांढरं पडेपर्यंत,
आणि वर दारावरून जाणाऱ्याला
ताडाचा पंखा आणि खरबूज.

भांडण दरवर्षी एकच.
पौर्णिमा उलटली की तिचा कार्तिक सुरू,
माझा आश्विन अजून पंधरा दिवसांचा धनी.
त्यातून करवा चौथ, तर त्या घरात आमची संकष्टी आधीच बसलेली.
बिरादरीनं ती मागितली नव्हती.
मीच घालायचो, सहा पॉइंटात, फुकट,
एक प्रत शरयूसाठी घरी न्यायची म्हणून.
वीरांवाली भिंग लावून बघायची, अक्षर कळत नसताना.
'ही कोण आणखी?'
संकष्टी. चंद्र बघून जेवतात.
'मग राहू दे. हिलाही भूक लागली असेल.'

चौथ ती स्वतः धरत नसे. एकोणीस वर्षं झाली होती.
होई धरायची. चार दिवसांनी, अष्टमीला, मुलांसाठी,
चांदणी दिसेपर्यंत पाणीही नाही.
तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात चांदीचे मणी,
दर होईला दोन वाढवलेले.
किती झाले, मी मोजले नाहीत.

त्या साली लाल शाईचा हात मारताना
ओळ एका चौकोनाने सरकली.
सतराची होई अठरावर पडली.
पाचशे प्रती. सुतळ्या ओवल्या, गेल्या, भिंतींवर टांगल्या.

अठराला नळाला नर्मदा आली होती.
त्यांच्या सगळ्या गल्लीनं हंडे भरले, बादल्या, टिपं,
कुणी कुकरसुद्धा,
आणि थेंब कुणी जिभेला लावला नाही,
नवमीला.

एकोणीसला ती जिना चढून आली.
एकही शिवी ऐकू आली नाही, तेव्हाच मी घाबरलो.

पान टेबलावर पसरलं. अठरावर बोट.
'प्रूफात बरोबर होतं.'
हो.
'नंतर चुकलं.'
हो. तुम्हाला कधी कळलं?
'सतराला. सकाळी.'
मग सांगायचं ना सगळ्यांना.
'सगळ्यांचा चहा पिऊन झाला होता.'
आणि तुमचा?
ती ट्रेडलकडे बघत होती, बंद होती तरी.
'माझा राहिला होता.
मग मीही प्याले.'

खाली कुणीतरी वह्यांचे गठ्ठे उतरवत होतं.

उठताना म्हणाली, 'तारे निघाले होते ना अठराला?'
निघाले होते.
'आम्ही पाहिले सगळ्यांनी. कुणाला सांगू नकोस.'

होई.
आमच्या जुन्या ओव्यांत हे क्रियापद आहे.
काही घडतं, त्याला म्हणतात.

बिलातून अकरा रुपये तिनं कापले ते कापलेच.