उणे ऐंशी

रास्ता पेठेत, खाली सायकलच्या सुट्या भागांचं दुकान,
वर आमची संस्था :
एक टेबल, दोन फोन,
भिंतीवर मूत्रपिंडाचं रंगीत चित्र,
जे चहा आणणारा मुलगा
अजून काजूच समजतो.

मी बत्तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजला होते.
लोकांना लोकांशी जोडून द्यायचं
आणि आपण बाजूला व्हायचं.
म्हणून इथेही फोनच दिलाय. दर मंगळवारी.
पगार नाही. बसचं भाडं देतात, मी नको म्हणते,
मग घेते, नाहीतर त्यांचा हिशेब अडतो.

यादीत तीनशे बारा माणसं.
दर सहा महिन्यांनी तेच अकरा प्रश्न :
पायाला सूज येते का,
रात्री लघवीला किती वेळा उठता,
मीठ वरून घेता का.
कुणी म्हणतं, विमा नकोय हो.
कोथरूडचे एक मास्तर
आधी प्रश्नाचं व्याकरण सुधारतात, मग उत्तर देतात.
हडपसरची मुलगी, वय तेवीस, डायलिसिसवर,
पाण्याचा प्रश्न आला की गप्प होते.
मग सांगते : दिवसाला सातशे मिली.
काल बर्फाचा एक खडा जास्त चोखला,
तेही लिहा.
मी तेही लिहिते.

सगळेच विचारतात, याचं पुढे होतं काय?
मलाही नीट ठाऊक नाही.
कागद वर जातात, आकडे होतात.
डॉक्टरबाई म्हणाल्या, दहा वर्षांनी काहीतरी कळेल,
कदाचित एवढंच, की कारण हे नव्हतं.
मी अडुसष्टची आहे.
बेरीज केली नाही.

क्रमांक एकशे चौदा. ज्ञानोबा कुदळे, भोसरी.
फोन बाईंनी उचलला.
"आखाडात गेले ते."
मी म्हटलं, वाईट झालं, आणि ठेवणार होते.
बोलणं संपलं की पिन काढायची,
हात अजून तसाच चालतो.
तर त्या म्हणाल्या, "विचारा की.
सहा वर्षं मीच तर सांगत आले.
त्यांना लाज वाटायची, लघवीचं फोनवर बोलायची."

विचारलं. काय करणार?
सूज?
"आता कुठली."
रात्री उठणं?
"मी उठते. त्यांच्या वेळेला जाग येती,
दिवा लावते, मग आठवतं."
मीठ?
"त्यांच्यापायी अळणी खायला शिकले,
आता खारट सोसत नाही."
गोळ्या?
"राहिल्यात अर्ध्या पानभर. कुणाला लागतील का?"

अकरावा प्रश्न : तुम्हाला काही विचारायचं आहे का?
सहा वर्षं इथे 'नाही' लिहिलेलं.
आज मागे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली,
मग त्यांनी विचारलं,
"त्यांचं काही आहे का तुमच्याकडं, अजून?"

मी वही उघडली.
होतं.
रक्ताची एक नळी, लघवीची एक,
प्रयोगशाळेच्या शीतपेटीत, उणे ऐंशी अंशावर.
सांगावं की नको, असं झालं.
सांगितलं.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग त्या हसल्या,
चांगल्या हसल्या, खोकला येईपर्यंत.
"जन्म गेला माणसाचा फाउंड्रीत, भट्टीपुढं.
उन्हाळ्यात ओला टॉवेल पांघरून झोपायचे,
गार पाहिजे गार पाहिजे करायचे.
मिळालं म्हणायचं एकदाचं."
आणि जरा थांबून, हलक्या आवाजात,
"नीट ठेवा हं."

फॉर्मच्या शेवटी दोन चौकटी असतात :
मृत्यू. संपर्क तुटला.
पहिलीत खूण केली.
दुसरीवर पेन थोडा वेळ राहिलं, मग उचललं.

खाली कुणीतरी उलट्या सायकलचं चाक फिरवून पाहत होतं,
त्याची टिकटिक वरपर्यंत येत होती, मंदावत.
एकशे पंधरा, पर्वती पायथा.
घंटा वाजतेय. उचलत नाहीत.
वाजू दे.