सहभागी निरीक्षण

दुसऱ्या वर्षाचा पेपर, संशोधन पद्धतीचा.
डंडीच्या एका चढावर
नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान,
मंगळवार, चार ते सहा.
सर म्हणाले होते,
असून नसल्यासारखं बसा.

बसले. लिहिलं:
बायका सात, पुरुष दोन,
एकाचे सगळे सदरे करड्या रंगाचे.
कोण कुणासाठी मशीन अडवून ठेवतं,
कुणाच्या चादरीकडे
सगळे ठरवून बघत नाहीत.

पाचव्या मंगळवारी पिट्रीबाई
उशीचा अभ्रा झटकत म्हणाली,
"पोरी, तुझे कपडे कुठायत?"
आणि बोटांवर मोजायलाच लागली:
"पाच आठवडे हाच कोट.
उजव्या कोपराला उसवलेला.
फोन नाही, चहा नाही, सोबत कुणी नाही.
आमचं आपसांत ठरलंय,
तुझ्या खोलीत गरम पाणी नसणार."
तळहातावर तीन नाणी ठेवली,
करड्या सदऱ्यानं
अर्धी उरलेली साबणाची पुडी.

याला रकाना नव्हता.

कोट काढून दिला.
काचेपलीकडे तो गरगरत राहिला
आणि मी बाकावर,
कुणाच्या तरी कोमट टॉवेलात.

बायका सात, पुरुष दोन,
दहावी मी.
लिहायला गेले तर
पेन कोटाच्या खिशात,
फेसात.