मुंबई ४

बोरा बाजारात, शाईच्या दुकानावरच्या खोलीत
मी जुन्या कॉमिक्सच्या वंशावळी लिहितो.
कुणी घेतलं, कुणाकडून, कितीला,
मधली वर्षं कुठे होतं.
चित्रं बघायचा पगार मला मिळत नाही.
मी स्टेपलचा गंज बघतो, कण्यावरची घडी,
आणि कसर.
दोन्ही अर्थांनी: कागद खाणारी
आणि हिशेबात राहून जाणारी.

या शहरात समुद्र पानापानांत येऊन बसतो.
म्हणून प्रत्येक अंकाला पारदर्शक पिशवी,
सिलिका जेलची पुडी,
मागे एक कार्ड, शिसपेन्सिलीने लिहिलेलं.
शाई फुटते.

मंगळवारी विजयकरबाई आल्या.
वय अठ्ठ्याहत्तर, हातात पेढ्यांचा रिकामा खोका,
खोक्यात जुन्या लुगड्याचा तुकडा,
तुकड्यात अंक.
मुखपृष्ठावर पाणबुडीला विळखा घातलेला ऑक्टोपस,
त्याचा लाल रंग रेषेबाहेर सांडलेला.
आणि एक पावती.
"कागद असला की दुप्पट देतात म्हणे."

पावती पिवळी होती.
सगळीकडे सारखीच पिवळी;
खरा कागद कडांकडून म्हातारा होत जातो.
अकरा नोव्हेंबर एकोणीसशे सहासष्ट. साठ पैसे.
घेणार: सुरेंद्र विजयकर,
ठाकूरद्वार, मुंबई ४००००४.

भिंग तिथेच थांबलं.
सहासष्टात कुठली आली ही चार शून्यं?
तेव्हा नुसतं मुंबई ४.
पोस्टमनला तेवढं पुरायचं.
शून्यं आली बहात्तरात.

पावती नाकाशी नेली.
वेलदोडा.

"बाई, चहात वेलदोडा घालता?"
त्यांनी पर्सचा चाप उघडला, मिटला,
पुन्हा उघडला.
"दोन पाकळ्या. सुरेंद्रला लागायचा."

मग म्हणाल्या, पावती नव्हतीच कधी.
तळमजल्यावरच्या होमीचा हा अंक.
पंचवीस गोट्यांना ठरला, जिन्यात,
मी साक्षीदार, माझ्या झग्याच्या ओच्यात गोट्या.
बावीसच निघाल्या.
होमी म्हणाला, बाकीच्या उद्या.
उद्या त्याच्या वडिलांची बदली झाली.
सुरेंद्र जायच्या आदल्या महिन्यातही
मधूनच म्हणायचा, तीन राहिल्या गं.

मी शेवटचं पान उलटलं.
खालच्या कोपऱ्यात, जाहिरातीतल्या सायकलच्या चाकाखाली
मुलाचं पेन्सिलीचं अक्षर:
२२. बा. ३.

सकाळीच मी ते पाहिलं होतं.
दोषांच्या रकान्यात लिहूनही टाकलं होतं:
मागील पानावर खूण, निरर्थक, पुसता येण्याजोगी.
खोडरबर टेबलावरच होता.
मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

"आता सांगा," मी म्हटलं, "सगळं, पहिल्यापासून.
मी लिहितो. तुम्ही सही करा.
तारीख मात्र आजची."
"आजच्या कागदाला कोण विचारतो?"
"कमीच विचारतील."
"किंमत?"
"उतरेल. चहाच्या पावतीवर चढली असती,
कुणाच्या लक्षात येईपर्यंत."

खाली हातगाडीवाल्याचं कुणाशी तरी वाजलं,
ते संपेपर्यंत त्या गप्प होत्या.
मग खुर्ची पुढे ओढली.
"जिना लाकडी होता, असं लिहा.
तिसरी पायरी वाजायची.
होमीचं आडनाव आठवत नाही,
ते आठवत नाही असंच लिहा."

लिहिलं.
सुरेंद्रकडे अठरा वर्षं, बाईंकडे त्यानंतर,
पेढ्यांच्या खोक्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर.
चहाची पावतीही पिशवीत ठेवली, वेगळ्या कप्प्यात:
बनावट, विजयकरबाईंच्या हातची,
वास अजून ताजा.
तीही आता या अंकाच्या घरचीच.

सही करताना त्यांचा हात मोजमापाने चालला,
शाळेत घोटून घेतलेलं विजयकर, वेलांट्या पुऱ्या.
पेन्सिल परत देता देता थांबल्या.
"मोबदल्याच्या रकान्यात काय लिहिलंत?"
बावीस गोट्या, मी वाचून दाखवलं.
"आणि?"

मी खाली एक ओळ वाढवली.
देणे बाकी, तीन.