दुसरा ठिपका

ओउलूत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवस मिटतो.
सोफ्यावर रेयो, माझे वडील,
मांडीवर शाल, शालीवर रिमोट,
ज्याला ते बोटही लावत नाहीत.

त्यांच्या थेटरात आता टायर रचलेत.
सत्तर एमएमची दोन्ही यंत्रं क्रेननं उतरवली.
एकेक रीळ, ते सांगतात,
नुकत्या चालू लागलेल्या पोराएवढं जड,
आणि उचलताना तेवढंच जपायचं.

एक त्यांनी ठेवून घेतलं, तळघरात.
डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा.
आई ओरडायची, काकड्यांची बरणी फुटली का?
रंग उडालेत. समुद्रसुद्धा गुलाबी.

माझा नीलो सिनेमा फोनवर बघतो,
दीडपट वेगानं, चार दिवसांत तुकडे करून,
एक तुकडा तर अंघोळीच्या टबात.
आज आजोबांसाठी म्हणून मोठ्या टीव्हीवर
जुनं कुठलंसं जहाज लावलंय त्यानं.
“केवढा मोठा पडदा ना?”
“आम्हाला एक चेहरा बघायला
मान वळवावी लागायची.”

मग उजव्या कोपऱ्यात, वर, एक ठिपका.
आला, गेला. कुणीतरी पुसायला विसरलेलं.
शालीखालून वडिलांचा हात वर आला
आणि हवेतच थांबला.
सात सेकंद.
दुसरा ठिपका.
हात खाली आला, जिथे खटका असायचा तिथे.
जहाज आपलं आपण पुढे गेलं.

नीलोला वाटलं, त्यांना पाणी हवंय.
त्यानं सिनेमा थांबवला.
लाट अर्ध्यावर, फेसासकट.

“थांबवू नको रे,” वडील उठू लागले,
“जळेल.”