कारण: दाढ

जेलरोडला दवाखाना नाही असं नाही,
पण तिथली केसपेपरवाली माझ्या जावेची मैत्रीण.
म्हणून द्वारकेच्या कोंडीतून, सिटीलिंकच्या खिडकीशी,
पर्स मांडीवर उभी धरून
त्र्यंबक नाक्यापर्यंत आले.
अर्ध्या दिवसाची रजा. कारण लिहिलं: दाढ.

खोली क्रमांक नऊ. कुटुंब कल्याण.
बाकावर सगळ्या पोरी,
एकीच्या हातावरची मेंदी अजून गडद.
तिनं सरकून जागा दिली,
"सुनेला घेऊन आलात का काकू?"
म्हटलं, येतेय ती मागून.
माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे.

बावीस वर्षं मी नोटप्रेसमध्ये कागद तपासते.
शाई फुटली, धागा सरकला, आकडा कलला
की बोट आपोआप थांबतं.
त्याच बोटानं कॅलेंडरवर गोल काढत आले,
दोन बाळंतपणं सोडली तर
एकही गोल आठ दिवस इकडेतिकडे नाही.
या वर्षी जानेवारीत एक,
फेब्रुवारीत दोन,
मार्च कोरा. एप्रिल कोरा.
मेमध्ये अकरा दिवस, गोल काढायचा कुठे?

एप्रिलात मेडिकलमधून पट्टी आणली होती.
पोऱ्यानं न विचारताच कागदात गुंडाळली.
पहाटे बाथरूमची कडी लावून
उपड्या बादलीवर बसले.
त्याच रविवारी निफाडला लेकीचं डोहाळजेवण.
हिरव्या साडीत ती, आणि शेजारच्या पाटावर
मी,
हे डोळ्यांपुढे आलं नि हसू फुटलं,
इतकं, की नळ सोडावा लागला.
एकच रेघ आली.
सुटले, म्हटलं.
आणि तरी ती एकटी रेघ
बराच वेळ हातात धरून बसले.

"गांगुर्डे! हेमलता गांगुर्डे!"
सिस्टर एलिझाबेथ, चष्मा साखळीला.
शेवटची पाळी?
"तारीख सांगू की अंदाज?"
"या वयात अंदाजच खरा."
संबंध येतात का, हे त्यांनी
जेवलात का, या सुरात विचारलं.
मी भिंतीवरच्या तांबीच्या चित्राकडे बघत
येतात म्हटलं.
मग उगाचच पुढे:
मुलगा पुण्याला, लेक पुढच्या महिन्यात येईल बाळंतपणाला,
तोवर घरात दोघंच,
ह्यांची सातपूरची सेकंड शिफ्ट बाराला सुटते,
मी जागीच असते, तेव्हा…
त्यांनी पेन वर केलं.
"बाई, कारण नाही विचारलं."

बीपी जरा वर. म्हणजे ती नेहमीची गोळी नको.
निरोध चालेल. तांबी चालेल,
आता बसवली की थेट सगळं थांबल्यावरच काढायची.
पन्नाशीच्या आत थांबलं तर पुढे दोन वर्षं जपायचं,
नंतर थांबलं तर एक.
"शेजारणी म्हणतात, सुटलीस आता."
"त्यांना सांगा, मागं एक आली होती सेहेचाळीसची.
गॅस झालाय म्हणून ओवा खात होती.
पाचवा महिना."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी ऊन होतं
आणि आतूनही एक वाफ चढली कानांपर्यंत.
आमच्याकडे नोट खराब निघाली
तर तिच्या जागी दुसरी घालतात,
आकड्याआधी चांदणी छापलेली.
बंडल शंभराचंच राहतं.
बाजारात कुणी कुणी ती उजेडात धरून
उलटसुलट बघतं, परत करतं.
चालते ती. पुरत्या किमतीला चालते.

पर्समध्ये गुरुवारची चिठ्ठी,
तोवरसाठी दिलेली पाकिटं रिकाम्या डब्यात.
टेबलाशी पोचले तर जयमाला,
"काढली का गं दाढ?"

नाही, म्हटलं.
डॉक्टर म्हणाले, असू दे.
अजून कामाची आहे.