छतासाठी एक गॅलन

कोनाच्या हार्डवेअर दुकानात रंगाचं काउंटर माझं.
ओशिरोबाई कॉफीच्या मळ्यातून थेट आल्या,
बुटांना काळी भुकटी, हातात मापाचा कागद:
छतासाठी एक गॅलन. आकाशाचा.

मी शेडकार्डाचा पंखा उघडला.
माझ्या भाषेत आकाशी म्हटलं की भागतं,
फार तर विचारतील, चिंतामणी का अस्मानी.
त्यांनी सगळ्यांत स्वच्छ निळा नेला,
भावासाठी. दमेकरी, खाटेवरून उठत नाही,
आणि पर्वत धुमसतो त्या दिवसांत
खिडक्या लावून, फटींत ओले टॉवेल कोंबून
पडून राहायचं, वर बघत.

शुक्रवारी डबा परत. अर्धा वापरलेला.
"मासाओ म्हणतो, हे खोटंय.
हे लहानपणचं. त्याला आत्ताचं हवं."

आत्ताचं म्हणजे
बेटाच्या पलीकडच्या कुशीत गंधक उठतो,
काडी ओढल्यावर नाकाशी यावा तसा,
दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून वाऱ्याबरोबर येतो,
वाटेत ऊन त्याला मुरवतं.
आम्लाचे थेंब, दिसत नाहीत, पण इतके
की उजेड कुठून येतोय तेच कळेनासं होतं.
समुद्र कुठे संपतो, तेही.
जहाज नुसतं मधेच टांगलेलं.
संध्याकाळी मात्र सूर्य डाळिंबाचा दाणा होऊन उतरतो
आणि टूरिस्ट टाळ्या वाजवतात.
मासाओ तेव्हा पंप ओढत असतात.

दुकानाच्या दारात आम्ही दोघी मान वर करून उभ्या,
आत गिऱ्हाइकं खोळंबलेली.
"पांढरं नाही," त्या म्हणाल्या,
"दूध फाटल्यावर वर येतं ना पाणी, तसं."
पांढऱ्या बेसमध्ये काळ्याचे दोन थेंब,
पिवळ्या मातीचा एक.
निळा? त्यांनी करंगळीचं नख दाखवलं.
यंत्रानं डबा गदगदा हलवला.
पुठ्ठ्याच्या कडेला रंग लावून वाळवला,
आभाळासमोर धरला:
कड दिसेना.

लेबलावर शेडचं नाव लागतं.
पारवा सुचला होता.
पण पारव्यात पाखराची मान आहे, चमक आहे.
जागा कोरी सोडली.

डबा उचलताना त्या खोकल्या.
मग आणखी एकदा, आणि हसल्या:
"ब्रश आहे घरी. शिडी तेवढी देशील?"